तारखेला हजर राहा : दारू पिऊन गाडी चालवल्याचा खटला आणि कोर्टाची वाट



सातपुड्याच्या पट्ट्यात होळीच्या आधीच्या आठवड्यात भोंगऱ्या बाजार भरतो. ढोल, नवे कपडे, गूळ-फुटाणे, आणि त्याबरोबर मोहाची दारूही. मागच्या वर्षी अशाच एका बाजारातून मोटरसायकलवर घरी परतणाऱ्या आमच्या भागातल्या एका तरुणाला पोलिसांनी नाक्यावर थांबवले. यंत्रात फुंकायला लावले, डॉक्टरांकडे नेले, परवाना ठेवून घेतला, सही घेतली आणि एक कागद देऊन सोडून दिले. कोणाला इजा झाली नव्हती. गाडी कशाला धडकली नव्हती. दुसऱ्या दिवशी तो तो कागद घेऊन माझ्याकडे आला.

मी घाईत होतो. कागद वरवर पाहिला आणि म्हणालो, "चलान दिसतंय. बाजारच्या सेंटरवर जा आणि भरून टाक." तो गेला. सेंटरवाल्याने गाडीचा नंबर टाकला, तर हेल्मेट नसल्याचे पाचशे रुपयांचे जुने चलान निघाले. ते त्याने भरले, पावती घेतली आणि विषय संपला असे समजून सुरतेला बांधकामावर निघून गेला.

विषय संपला नव्हता. एप्रिलमध्ये कोर्टाची तारीख होती, ती गेली. पावसाळ्यात समन्स आले. ते त्याच्या आईने घेतले आणि वाचता येत नसल्याने पत्र्याच्या पेटीत जपून ठेवले. दिवाळीला तो गावी आला. ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल घेतलेली होती आणि शनिवारी कोयत्यांना न्यायला ट्रक येणार होता. गुरुवारी रात्री पोलीस वॉरंट घेऊन दारात उभे राहिले. ती रात्र त्याने कोठडीत काढली. सकाळी कोर्टाच्या आवारात त्याची बायको लेकरू कडेवर घेऊन उभी होती. तिने मला एकच विचारले, "भाऊ, तुम्हीच म्हणाला होता ना, भरून टाक?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. हा लेख म्हणजे ते उशिरा दिलेले उत्तर आहे. पाड्यावर काम करणारे कार्यकर्ते, आश्रमशाळेतले शिक्षक, आशाताई, सरपंच आणि दुरून मदत करणारे आपण सारे, कोणाच्याही हाती असा कागद येऊ शकतो. तेव्हा काय सांगावे आणि काय सांगू नये, हे नीट समजून घेऊ.

चलान वेगळे, खटला वेगळा

हेल्मेट नाही, सिग्नल तोडला, तिघे बसले, अशा बऱ्याच गुन्ह्यांत कायद्याने तडजोड शुल्क भरण्याची सोय ठेवली आहे. रक्कम भरली की प्रकरण मिटते. मोबाईलवर येणारे ई-चलान बहुतेक वेळा हेच असते. अशी किरकोळ प्रकरणे घरबसल्या निकाली काढण्यासाठी 'व्हर्च्युअल कोर्ट'ही आहे. महाराष्ट्रात त्याची सुरुवात ३१ ऑक्टोबर २०२० रोजी नागपूर जिल्ह्यातील काटोल येथे झाली. तेथे कोर्टाची पायरी न चढता दंड भरता येतो.

दारू पिऊन वाहन चालवणे हा मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ खालचा गुन्हा आहे. तडजोड करता येणाऱ्या गुन्ह्यांची यादी कलम २०० मध्ये आहे आणि त्या यादीत कलम १८५ नाही. म्हणून रस्त्यावरचा पोलीस, आरटीओ किंवा सेंटरवाला, कोणीही पैसे घेऊन हे प्रकरण मिटवू शकत नाही. त्याचा निर्णय दंडाधिकारीच करतात. कोणी "तीन हजार द्या, वरच्या वर मिटवतो" म्हणाला, तर पैसे जातात आणि खटला राहतो. चलानाच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या लिंक आणि एपीके फाइल हा तर उघड फसवणुकीचा धंदा आहे. त्यावर बोट ठेवू नये.

कायदा काय म्हणतो

शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क आढळला, तर गुन्हा होतो. दारू मोहाची की दुकानातली, हा भेद यंत्र करत नाही आणि कायदाही करत नाही. "आमच्याकडे देवाला चढवतात, सणाला पितात" हे खरे असले, तरी ते पिण्याबद्दलचे आहे, गाडी चालवण्याबद्दलचे नाही. गाडी चालवण्याचा नुसता प्रयत्न केला, तरी कलम लागू होते.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. त्यानंतरच्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा पंधरा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. महाराष्ट्रात २०२५-२६ साली रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. त्या हिशेबाने दहा हजार म्हणजे एका माणसाची बत्तीस दिवसांहून जास्त मजुरी.

त्याशिवाय परवान्याचा प्रश्न असतो. पोलीस परवाना जप्त करून परवाना अधिकाऱ्याकडे पाठवू शकतात आणि तो निलंबित होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्येच राज्यांना सांगितले होते की, दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याचा परवाना किमान तीन महिने निलंबित करावा. पिकअप किंवा जीप चालवून पोट भरणाऱ्याला हे तीन महिने दंडापेक्षा जड जातात.

वर्धा आणि गडचिरोली या दारूबंदी असलेल्या जिल्ह्यांत दारूबंदी कायद्याची कलमेही जोडीला लागू शकतात. आणि अपघातात कोणी जखमी झाला किंवा दगावला, तर भारतीय न्याय संहितेची जड कलमे लागतात. तसे असेल तर या लेखावर विसंबू नका. त्याच दिवशी वकील गाठा.

पकडल्यावर पहिले काही तास

गणवेशातील पोलिसाला या गुन्ह्यात वॉरंटशिवाय अटक करता येते. मात्र अटक केल्यास दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे, नाहीतर त्या माणसाला सोडून द्यावे लागते. फुंकायला किंवा रक्त द्यायला कारण नसताना नकार दिला, तर तो नकारच पुढे त्याच्या विरुद्ध पुरावा म्हणून येऊ शकतो. त्यामुळे हुज्जत घालू नये, पळू नये. यंत्रातून निघालेल्या चिठ्ठीवरचा आकडा, तारीख आणि वेळ पाहून ठेवावी.

नुसते कलम १८५ असेल, तर गुन्हा जामीनपात्र आहे. म्हणजे जामीन हा हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नाही. पोलीस ठाण्यातच जामीन किंवा जातमुचलका घेऊन सोडता येते. जामीनदार आणण्याची ऐपत नसेल, तर त्या माणसाला स्वतःच्या मुचलक्यावर सोडण्याची तरतूद कायद्यात आहे. पण एक लक्षात ठेवा. मुचलक्यावर सही करणे म्हणजे "बोलावाल तेव्हा हजर राहीन" असे लिहून देणे. आमच्या त्या तरुणाने अशीच सही केली होती. कशावर केली, हे त्याला कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

कागद आधी पूर्ण वाचा

हातात आलेल्या कागदावर या गोष्टी शोधाव्यात : कोणते पोलीस ठाणे, कोणते कलम, कोणते न्यायालय, कोणती तारीख, किती वाजता. 'कलम १८५' दिसले की समजावे, हे चलान नाही. कागदाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा, म्हणजे मूळ कागद छपरात खोचला गेला किंवा पावसात भिजला तरी माहिती राहते. तारीख घरातल्या दिनदर्शिकेवर लिहावी आणि ती घरातल्या आणखी एका माणसाला सांगावी.

खटला नोंदला गेला की त्याला सीएनआर क्रमांक मिळतो. तो अक्षरे आणि अंक मिळून सोळा स्थळांचा असतो. 'ई-कोर्ट्स सर्व्हिसेस' हे सरकारी ॲप मोबाईलवर घेऊन त्यात हा क्रमांक टाकला की पुढची तारीख दिसते. नावावरूनही शोधता येते, पण आपल्याकडे एकाच नावाचे चार जण असतात, म्हणून क्रमांकच खात्रीचा. ॲप जमत नसेल, तर कोर्टाच्या आवारातील ई-सेवा केंद्रात किंवा कोर्टाच्या कार्यालयात विचारावे.

स्थलांतर करणाऱ्या घरांनी आणखी एक नियम जाणून घ्यावा. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्यानुसार समन्स घेणारा माणूस घरी सापडला नाही, तर त्याच्यासोबत राहणाऱ्या घरातल्या कोणाही प्रौढ व्यक्तीला, स्त्री असो वा पुरुष, ते देता येते. पूर्वी हे पुरुषालाच देत. म्हणजे आईने घेतलेला कागद कायद्याच्या दृष्टीने मुलाला मिळालेला कागद ठरू शकतो. म्हणून घरी राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना सांगून ठेवा : शिक्का असलेला कोणताही कागद पेटीत ठेवण्याआधी शाळेतल्या गुरुजींना किंवा आशाताईंना दाखवा.

प्रत्यक्ष हजर राहायचे तेव्हा

कोर्टाचे काम सकाळी अकराच्या सुमारास सुरू होते. दूरच्या पाड्यावरून येणाऱ्याने आदल्या संध्याकाळीच तालुक्याला पोचावे. पहिली बस चुकली, हे कारण दरवेळी ऐकून घेतले जाईलच असे नाही. सोबत कोर्टाचा कागद, आधार कार्ड, गाडीची कागदपत्रे, परवाना जप्त झाला असेल तर त्याची पोच, आणि जामीनदार लागणार असेल तर त्याची कागदपत्रे घ्यावीत.

आवारात गेल्यावर भिंतीवर किंवा दाराशी त्या दिवसाच्या प्रकरणांची यादी असते. तिला बोर्ड म्हणतात. आपला क्रमांक कोणत्या दालनात आहे, ते पाहून दाराजवळ बसावे. पट्टेवाला नावाचा पुकारा करतो. पुकारा झाला तेव्हा माणूस चहाच्या टपरीवर असेल, तर तो गैरहजर समजला जाऊ शकतो. मोबाईल बंद ठेवावा. आत गेल्यावर हात जोडून उभे राहावे आणि विचारलेल्याला थेट उत्तर द्यावे. आणि हे लिहायला संकोच वाटतो, पण लिहितो : त्या दिवशी धीर यावा म्हणून घोटभरही घेऊ नये.

न्यायाधीश आरोप काय आहे ते सांगतात आणि कबूल आहे का, असे विचारतात. इथे आपल्या लोकांची मोठी अडचण होते. पावरी, भिली, कोरकू, गोंडी बोलणारा माणूस कोर्टातली मराठी समजली नाही तरी मान डोलावतो. मान डोलावणे म्हणजे होकार धरला जाऊ शकतो. म्हणून न समजल्यास "साहेब, मला समजले नाही, माझ्या भाषेत सांगा" असे म्हणावे. आरोपीला न समजणाऱ्या भाषेत साक्ष झाली, तर ती त्याला समजेल अशा भाषेत सांगितली जावी, असे कायदाच म्हणतो. हे मागण्यात लाज नाही.

लांबून हजर राहता येते का?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, कारण तारीख गावच्या कोर्टात आणि माणूस सुरत, बार्डोली किंवा कोल्हापूरकडे असतो. उत्तर असे : येते, पण आपल्या मर्जीने नाही, कोर्टाच्या परवानगीने. त्याच्या तीन वाटा आहेत.

पहिली वाट हजेरी माफीची. त्या तारखेला येणे शक्य नसेल, तर वकिलामार्फत तारखेआधी किंवा त्याच दिवशी कारणासह अर्ज द्यावा. दंडाधिकाऱ्यांना पटले, तर आरोपीऐवजी वकिलाच्या हजेरीवर काम चालते. मात्र पुढे गरज वाटेल तेव्हा कोर्ट आरोपीला स्वतः बोलावू शकते. आजारपण असेल तर डॉक्टरचा कागद आणि कामाचे कारण असेल तर त्याचा काही पुरावा जोडावा. नुसता फोन करून "येत नाही" सांगणे म्हणजे अर्ज नव्हे.

दुसरी वाट व्हिडिओ कॉन्फरन्सिंगची. नव्या संहितेने खटल्याचे काम इलेक्ट्रॉनिक पद्धतीने चालवायला मोकळीक दिली आहे. आरोपी ऑडिओ-व्हिडिओ माध्यमातून समोर आला, तर तीही हजेरी धरता येते, असे तिच्या कलम ३५५ च्या स्पष्टीकरणात म्हटले आहे. यासाठीही आधी अर्ज लागतो. परवानगी मिळाल्यावर लिंक वकिलाकडून किंवा कोर्टाकडून येते. तेव्हा वेळेआधी जोडून बसावे. ओळखपत्र हाताशी ठेवावे. मागे गोंगाट नसावा, आजूबाजूला सांगणारे-खुणावणारे कोणी नसावे. रेकॉर्डिंग करू नये, फोटो काढू नये. चालत्या गाडीतून किंवा बाजारातून कोर्टासमोर येऊ नये. फोनवरचे कोर्ट हेही कोर्टच आहे. डोंगरात रेंज नसेल, तर जवळच्या न्यायालयाच्या ई-सेवा केंद्रातून जोडून देता येईल का, हे वकिलांनी आधी विचारून ठेवावे.

तिसरी वाट कलम २०८ ची. मोटार वाहन कायद्याच्या खटल्यात कोर्ट समन्सवरच लिहू शकते की, आरोपीने ठरलेल्या तारखेआधी नोंदणीकृत पत्राने गुन्हा कबूल करून सांगितलेली रक्कम पाठवावी. पण ज्या गुन्ह्याला कैदेचीही शिक्षा आहे, तेथे ही मुभा द्यायची की नाही, हे कोर्टाच्या इच्छेवर आहे. कलम १८५ ला कैद आहे. म्हणून समन्सवर तसे स्पष्ट लिहिले असेल, तरच ही वाट धरावी. नसेल तर पैसे पाठवून काही होणार नाही.

या तिन्ही वाटा असल्या, तरी जामीन द्यायचा असतो तेव्हा, गुन्हा कबूल-नाकबूल सांगायचा असतो तेव्हा आणि निकालाच्या दिवशी, प्रत्यक्ष जाण्याची तयारी ठेवावीच. मधल्या तारखांना सवलत मिळण्याची शक्यता जास्त. मुकादमाशी उचल ठरवतानाच "अमुक तारखेला मला एक दिवस गावी यावे लागेल" असे सांगून ठेवलेले बरे.

कबूल करावे की नाही?

खरोखर प्यालेला असेल, चाचणी बरोबर झाली असेल, तर कबूल केल्याने प्रकरण लवकर संपते, हे खरे. पण कबूल करण्याआधी वकिलाशी बोलावे. चाचणी कशी झाली, चिठ्ठी कोणाची, डॉक्टरी तपासणी वेळेत झाली का, हे त्यांना पाहू द्यावे. गुन्हा कबूल केल्यावर झालेल्या शिक्षेविरुद्ध अपिलाची वाट जवळजवळ बंद होते. शिक्षा किती आणि ती कायद्याला धरून आहे का, एवढ्यापुरतीच ती उरते. शिवाय हा पहिला गुन्हा नोंदला गेला की पुढच्या वेळी दुसऱ्या गुन्ह्याची शिक्षा समोर असते. पोलीस भरती, एसटीतली चालकाची नोकरी किंवा चारित्र्य पडताळणीच्या वेळी खटल्याची माहिती विचारली, तर खरे सांगावे लागते. "आत्ताच्या आत्ता कबूल कर, मोकळा हो" असा सल्ला आवारात फुकट मिळतो. तो देणारा पुढे सोबत नसतो.

दंडाचे पैसे नसतील तर

ही तरतूद मला स्वतःला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हती. शिक्षा केवळ दंडाची असेल आणि दंड न भरल्यास कैद असे सांगितले असेल, तर लगेच पैसे नसणाऱ्याला कोर्ट मुदत देऊ शकते. पूर्ण रक्कम तीस दिवसांच्या आत, किंवा दोन-तीन हप्त्यांत. पहिला हप्ता तीस दिवसांच्या आत आणि पुढच्या दोन हप्त्यांमध्ये तीस दिवसांपेक्षा जास्त अंतर नाही. हे आपोआप मिळत नाही, मागावे लागते. ज्यांनी मागितले नाही, त्यांनी त्याच दुपारी सावकाराचे दार गाठलेले किंवा बकऱ्या विकलेल्या मी पाहिल्या आहेत. दंड भरल्यावर पावती आणि निकालाची प्रत घेऊन ती जपून ठेवावी. परवाना परत मिळवताना ती लागते.

तारीख चुकलीच तर

लपून बसू नये. आधी समन्स, मग जामीनपात्र वॉरंट, मग अजामीनपात्र वॉरंट, असा क्रम बहुधा असतो. वॉरंट वर्ष सरले म्हणून संपत नाही. ते बजावले जाईपर्यंत किंवा ज्या कोर्टाने काढले त्याने रद्द करेपर्यंत जिवंत राहते. मुचलक्याची रक्कम जप्त होऊ शकते. जामिनावर असून कारण नसताना गैरहजर राहणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २६९ खाली वेगळा गुन्हा आहे आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद आहे. म्हणजे मूळ गुन्ह्याच्या सहा महिन्यांपेक्षा जास्त!

उपाय सोपा आहे. पोलीस येण्याची वाट न पाहता वकिलासोबत आपण होऊन कोर्टात जावे आणि वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्यावा. का आलो नाही, ते खरे सांगावे. स्वतःहून आलेल्या माणसाकडे कोर्ट वेगळ्या नजरेने पाहते.

वकील मोफत मिळतो

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती आणि जिल्ह्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असते. तेथे साधा अर्ज करावा, जमातीचा दाखला असेल तर जोडावा. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही मदत मागता येते. हा वकील 'सरकारने दिलेला' असला, तरी तो आरोपीचा वकील असतो. त्याच्याशी मोकळेपणाने बोलावे आणि त्याचा फोन नंबर घ्यावा.

त्या तरुणाचे पुढे काय झाले

त्या शुक्रवारी विधी सेवा समितीने वकील दिला. त्यांनी सुरतेचा, पेटीतल्या समन्सचा आणि माझ्या चुकीच्या सल्ल्याचा सगळा प्रकार कोर्टाला सांगितला. नव्या जातमुचलक्यावर सुटका झाली. शनिवारचा ट्रक मात्र गेला. मुकादमाच्या हातापाया पडून तीन दिवसांनी तो बायको-लेकरांसह बसने फडावर पोचला. प्रवासाचा खर्च उचलीत चढला.

मधल्या एका तारखेला वकिलांच्या अर्जावर कोर्टाने त्याला व्हिडिओवर हजर राहू दिले. तो मला नंतर सांगत होता, "भाऊ, धुतलेला शर्ट घातला, खोपीत मोबाईल उशीला टेकवला आणि उभाच राहिलो. साहेब म्हणाले, बस. पण मला बसवेना." पुढच्या तारखेला तो स्वतः आला, वकिलांशी बोलून गुन्हा कबूल केला. दंड दोन हप्त्यांत भरायची परवानगी मिळाली. परवाना तीन महिन्यांसाठी निलंबित झाला. दुसरा हप्ता भरून पावती घेतली, तेव्हा त्याने ती मला दोनदा वाचायला लावली. "हे तेच आहे ना? दुसरं चलान नाही ना?" असे विचारून घेतले.

हा लेख दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला सोडवण्यासाठी नाही. त्या रात्री त्या रस्त्यावरून एखादी आई लेकराला घेऊन चालत असती, तर आज मी वेगळाच लेख लिहीत असतो. चूक केलेल्या माणसाने तिची शिक्षा भोगावी. पण ती त्या चुकीची असावी, कागद न वाचता आल्याची नसावी.

आपल्याकडून एवढेच हवे. बाजार आणि सणाच्या दिवशी न पिणाऱ्या एकाने चाव्या सांभाळायच्या, हे पाड्यापाड्यांत बोलून ठरवून घ्या. दारू सुटत नसेल त्याला एकटे सोडू नका. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. आणि कोणी शिक्क्याचा कागद घेऊन दारात आला, तर हातातले काम बाजूला ठेवा, त्याला बसवा आणि कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवा. त्याला पाच मिनिटे लागतात. माझी ती पाच मिनिटे त्या घराला एक रात्र कोठडीत आणि एक ट्रक चुकवून मोजावी लागली.